जेवणानंतर एक

वाई,
६ जानेवारी २०१०

सुनंदा,

आशीर्वाद आहेतच, ते कुठे जात नाहीत. आधी मुद्द्याचं बोलते.

अवधूतचा परवा फोन आला होता. माझे कान आता कामातून गेलेत, फोनवर तर अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं मी मनाने भरते. सर्दीसाठी डॉक्टरकडे गेला आणि रक्तदाब निघाला, एवढं कळलं. पुढचं तो पुटपुटत होता. लहानपणी परीक्षेचे मार्क सांगताना असाच पुटपुटायचा. म्हणून तुला लिहिते आहे. तू सविस्तर लिही आणि काही लपवू नकोस.

नाना गेले तेव्हा अठ्ठावन्नचे होते. दाढी करता करता तोंड वाकडं झालं, तिसऱ्या दिवशी सगळं आटोपलं. अवधूत त्यांचाच मुलगा, आता छप्पन्नचा आहे. मला घाबरायला तेवढं पुरतं.

माझी स्वतःची गोळी गेली कित्येक वर्षं सकाळी सातला असते. सात म्हणजे सात. पाकिटावर 'जेवणानंतर एक' असं लिहून दिलं होतं, पण जेवणाला लागतात बारा. मी डॉक्टरांना सरळ विचारलं, न्याहारी चालेल का? ते म्हणाले, चालेल. तेव्हापासून सातला उपमा नाहीतर भाकरी, त्यावर गोळी, त्यावर पाणी. शेजारच्या मालूताई मला गोळी घेताना बघून घड्याळ लावतात. अवधूतनेही सातच ठरवावी. तू समोर उभी राहून दे. त्याच्यावर विसंबू नकोस, तो पहिल्यापासून धांदरट.

उत्तर लगेच हवं.

रमाताई

* * *

नवीन पनवेल,
१५ जानेवारी २०१०

ती. वन्सं,

नमस्कार. काल संक्रांतीचा तिळगूळ कुरिअरने पाठवलाय, वड्या फुटल्या असतील तर चुरा समजून खा, पण गोड बोला.

यांना गोळी सुरू झाली आहे. घाबरण्यासारखं नाही असं डॉक्टर म्हणाले. तुम्ही सांगितलेली सातची वेळ मी दोन दिवस मन लावून पाळायला गेले. पण वन्सं, वाईला सकाळी सात एकदाच वाजतात. आमच्याकडे तीन प्रकारचे सात आहेत. पहिली पाळी असली की सातला हे तळोज्यात प्लँटवर हजर असतात, घर सोडलेलं असतं अंधारात. दुसरी पाळी असली की सातला गाढ झोपेत, कारण आदल्या रात्री घरी यायलाच बारा वाजून गेलेले. आणि रात्रपाळी असली की सातला कंपनीच्या बसमध्ये, कळंबोलीच्या ट्रकांमागे अडकलेले. दर आठवड्याला पाळी बदलते. सकाळ आमच्याकडे हे उठतात तेव्हा होते, मग घड्याळ काहीही म्हणो.

तेव्हा मी दुसरा हिशोब बसवला. डबा म्हणजे दोन पोळ्या आणि भाजी, तो नुसता आधार. खरं जेवण हे घरीच जेवतात. पहिल्या पाळीला दुपारी चारच्या सुमाराला आल्यावर, दुसऱ्या पाळीला निघण्यापूर्वी, रात्रपाळीला उठल्यावर. त्या जेवणानंतर मी गोळी त्यांच्या हातावर ठेवते. पाकिटावरही तेच लिहिलंय. समोर उभी राहते, तुम्ही म्हणालात तशी. गिळली की मी माझं पान वाढून घेते.

ऋचाचा बंगळुरूहून फोन होता. तिने इंटरनेटवर वाचून बाबांना रोज चालायला सांगितलंय. हे म्हणाले, दिवसभर प्लँटमध्ये जिने चढतो ते काय नाचतो का? म्हणजे प्रकृती उत्तम आहे.

तुमची,
सुनंदा

* * *

वाई,
२२ जानेवारी २०१०

सुनंदा,

तिळगूळ पोचला. वड्या शाबूत होत्या, त्यामुळे गोड बोलायची सक्ती नाही.

तुझा हिशोब मला पसंत नाही. एका आठवड्यात गोळी दुपारी चारला, दुसऱ्यात एकला, तिसऱ्यात आणखी भलतीकडे. गोळी आहे की फिरता विक्रेता? शरीराला काही सवय लागायला नको का? माझ्या मते गोळी डब्यात बांधून दे. पुडी करून पोळ्यांवरच ठेवायची. डबा उघडला की दिसेल.

आणि सुकट, बोंबील, पापड, लोणचं बंद. तुमच्या पनवेलच्या बाजारात सुक्या मासळीचे ढीग बघितले आहेत मी. तिकडे वळायचं नाही. ताजं मासळीचं कालवण चालेल, मीठ बेताचं.

अवधूतचं वजन किती ते कळव.

रमाताई

* * *

नवीन पनवेल,
२ फेब्रुवारी २०१०

ती. वन्सं,

नमस्कार. डब्याचा प्रयोग साफ फसला, तो आधी सांगते.

प्लँटवर कोणी आपला डबा आपण खात नाही. सगळे डबे एका टेबलावर उघडतात आणि ज्याला जे आवडेल ते तो ओढतो. यांच्या डब्यात पुडी निघाली. कोणीतरी ती उघडली. दुसऱ्या दिवसापासून सगळे यांना 'आजोबा' म्हणायला लागले. 'आजोबा, जिना मी चढतो, तुम्ही बसा.' घरी आले ते तोंड फुगवूनच. मला म्हणाले, पुन्हा डब्यात गोळी दिलीस तर डबाच नेणार नाही. मी म्हटलं, बरं. तेव्हा पुन्हा माझाच हिशोब चालू आहे, घरच्या जेवणानंतर. वजन विचारलं तर म्हणाले, ताईला सांग, तुझ्यापेक्षा कमी.

आता एक गंमत. यंदा आमच्या सोसायटीच्या महिला मंडळाने हळदीकुंकवाला वाण काय द्यावं? दरवर्षीच्या प्लास्टिकच्या वाट्यांना सगळ्या कंटाळल्या होत्या. शेजारच्या कीर्तीने टूम काढली की वाण म्हणून प्रत्येकीचं बीपी तपासून द्यायचं. तिच्या ओळखीच्या एक डॉक्टरीणबाई आल्या, गजरा माळून, मशीन घेऊन. हळद, कुंकू, अत्तर, तिळगूळ आणि मग दंडाला पट्टा. हसून हसून पुरेवाट झाली.

माझ्या वेळी त्यांनी पट्टा दोनदा बांधला. मग दुसऱ्या हाताला बांधला. मग म्हणाल्या, तुम्ही जरा बसून राहा, आणि नंतर दवाखान्यात या. माझं यांच्यापेक्षा जास्त निघालं. दवाखान्यातही तेवढंच. म्हणजे मलाही एक गोळी सुरू झाली आहे. तीसुद्धा जेवणानंतरच, म्हणून फार काही मांडामांड करावी लागली नाही. यांचं जेवण, यांची गोळी, मग माझं जेवण, माझी गोळी. पाकिटं दोन्ही फ्रिजवर शेजारी शेजारी आहेत. यांनी बघितलं आणि म्हणाले, आता आपला जोडा शोभतो.

रिकाम्या पोटी घेतली तर मळमळतं, एवढीच तक्रार. ते असो. तुमचा गुडघा कसा आहे?

तुमची,
सुनंदा

* * *

वाई,
११ फेब्रुवारी २०१०

सुनंदा,

सोबत वर्तमानपत्रातलं कात्रण जोडलं आहे. परदेशातल्या कोणा डॉक्टरांचं म्हणणं की रक्तदाबाची गोळी रात्री झोपताना घेतली तर जास्त गुण येतो. मी सात वाजताची बाई, मला हे वाचून दोन दिवस चैन पडलं नाही. इतकी वर्षं चुकीच्या वेळी शिस्त पाळली की काय? आमच्या डॉक्टरांना कात्रण दाखवलं. ते म्हणाले, तुमचं उत्तम चाललंय, हलवू नका. पण अवधूतचं काही जमलेलंच नाही, तर त्याचं रात्री करून बघायला काय हरकत आहे? तो झोपेल ती रात्र धर. तुमच्या डॉक्टरांना विचार.

तुझ्या वाणाचं वाचून हसले. हळदीकुंकवाच्या गर्दीत, त्या गजऱ्यांच्या आणि अत्तराच्या वासात माझंही चढेल. तू काही मनावर घेऊ नकोस. अजून पन्नाशीच तर ओलांडली आहेस. अवधूतकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघ.

रमाताई

* * *

नवीन पनवेल,
८ मार्च २०१०

ती. वन्सं,

नमस्कार. पत्राला उशीर झाला. इथे सगळंच उशिरा चाललंय.

कात्रण घेऊन मी डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, सकाळ की रात्र यावर मोठमोठ्या डॉक्टरांचं चालू दे, तुम्ही दोघं मला फक्त एक वेळ सांगा, जी कधी चुकणार नाही. सकाळ म्हणा, दुपार म्हणा, मी तीच लिहून देते. मी यांचं सांगितलं. त्या म्हणाल्या, शिफ्टवाल्यांचं अवघड असतं, निदान जेवणाला बांधली आहे ते ठीक. मग म्हणाल्या, आणि तुमची? मी म्हटलं, माझीही जेवणानंतरच. म्हणाल्या, मग झालं तर.

झालं तर खरं. पण वन्सं, तुम्हाला म्हणून सांगते. यांच्या प्लँटवर दोन माणसं सोडून गेली आणि नवीन घेतलेली नाहीत. पुढच्या पाळीचा माणूस आला नाही की यांना जागा सोडता येत नाही, रसायनाची चालू बॅच अर्धवट टाकून कोण निघणार? मग डबल करतात. सकाळी गेलेले एकदम मध्यरात्री येतात. फोन गेटवर जमा करावा लागतो, त्यामुळे निरोपही नाही. चार वाजले, पाच वाजले की मी समजते. दोन पोळ्यांच्या डब्यावर हा माणूस सोळा सोळा तास उभा असतो, आणि मी घरात बसून भात जेवू? घास उतरत नाही. सासूबाईंच्या वेळेपासून यांच्याआधी मी जेवलेली नाही, आता काय नवीन शिकणार? तेव्हा मी थांबते. रात्री आले की त्यांना वाढते. त्यांना गोळी देते. तोवर माझी भूक मेलेली असते, मी ताक पिऊन आडवी होते. त्या दिवशी माझी गोळी राहते. राहिलेली दुसऱ्या दिवशी दोन करून घ्यायची का, ते डॉक्टरीणबाईंना विचारायचं होतं, पण रागावतील म्हणून विचारलं नाही.

सकाळी उठताना डोकं जड असतं. परवा बाजारात गुणाबाई म्हणाली, "ताय, तुमी बऱ्या दिसत नाय आज." ती उरणहून मासळीची पाटी घेऊन येते, आमचा जुना घरोबा आहे. मी थांबण्याचं सांगितलं तर खो खो हसली. "आमचा धनी दर्यावर गेला की कवा येल त्याचा काय नेम हाय? आमी थांबलो तं उपाशी मरू. भाकर खाऊन मोकळं व्हायचं." तिचं तिला शोभतं. मी आपली ताजी करदी, ती बारीक कोळंबी, घेऊन घरी आले. सुकट घेतलं नाही, शपथ.

तुमची,
सुनंदा

* * *

वाई,
१५ मार्च २०१०

सुनंदा,

पत्र वाचून झोप उडाली. सोळा तास उभं राहायचं म्हणजे काय? अवधूत काय पंचविशीचा आहे? रक्तदाबाच्या माणसाने असली डबल वगैरे करायचीच नाही. त्याला सांग, ताईने सांगितलंय, साहेबांना तोंडावर नाही म्हण. नानांचा स्वभाव असाच होता, कोणाला नाही म्हणता यायचं नाही.

त्याची गोळी उशिरा का होईना, तू चुकू देत नाहीस, हे ठीक. आईने घालून दिलेलं वळण तू अजून मोडलं नाहीस हे वाचून बरं वाटलं. हल्ली कोण थांबतं कोणासाठी? अवधूत नशीबवान आहे.

त्याचा रक्तदाब पुन्हा मोजून आकडा कळव.

रमाताई

* * *

नवीन पनवेल,
५ एप्रिल २०१०

प्रिय ताई,

पत्र मी लिहितोय म्हणून घाबरू नकोस. आता सगळं ठीक आहे, पण घाबरण्यासारखं झालं होतं. फोन केला असता, पण तू अर्धं ऐकून उरलेलं मनाने भरलं असतंस, म्हणून लिहितो. मला पत्र लिहायची सवय नाही, सांभाळून घे.

२७ मार्चला, शनिवारी, सुनंदाला स्वयंपाकघरात झटका आला. माझी पहिली पाळी होती. तीनला पुढच्या पाळीचा माझा रिलीव्हर आला नाही, मी डबलला थांबलो. संध्याकाळी कीर्ती विरजण मागायला आली तर ही ओट्याला टेकून खाली बसलेली. तोंड एका बाजूला, उजवा हात पडलेला. कीर्तीचं नाव तिला सांगता येईना. कीर्ती आणि तिच्या नवऱ्याने रिक्षात घालून तिला दवाखान्यात नेलं आणि कंपनीच्या गेटवर फोन केला. निरोप कंट्रोल रूमपर्यंत आला तेव्हा बॅच ऐन तापमानावर होती. दुसरा माणूस घरून बोलावून आणेपर्यंत मला हलता आलं नाही. ताई, ती वेळ मी कशी काढली ते मी लिहू शकत नाही. तापमानाच्या काट्याकडे बघत उभा होतो, एवढंच.

वेळेत पोचवली म्हणून निभावलं, असं डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दिवशी बोलायला लागली. तोंड सरळ झालंय. उजव्या हाताची बोटं अजून कमजोर आहेत, तीही सुधारतील म्हणतात. आता घरी आणलंय.

डॉक्टरांनी मला विचारलं, बाई शेवटच्या कधी जेवल्या होत्या? मला सांगता येईना. मग म्हणाले, गोळी कधी घेतली होती? तेही सांगता येईना. घरी येऊन फ्रिजवरचं तिचं पाकीट बघितलं तर निम्म्या गोळ्या तशाच. माझं पाकीट रिकामं.

आता जे लिहितो ते तिला माहीत नाही. डबल केली की कंपनी कॅन्टीनचं जेवण देते. भात, आमटी, सगळं. मी पोटभर जेवूनच घरी यायचो. पण दारातून बघायचो तर पानं मांडलेली असायची, म्हणून काही न बोलता पुन्हा दोन घास खायचो. तिला वाईट वाटू नये म्हणून. ती माझ्यासाठी उपाशी आणि मी तिच्यासाठी दोनदा जेवतोय, असं किती दिवस चाललं होतं कुणास ठाऊक. ती नंतर काय खाते, हे बघायला मी जागाच नसायचो.

तू येऊ नकोस, गुडघा सांभाळ. तिला पत्र लिही. तुझं पत्र आलं की ती खुलते.

अवधूत

* * *

वाई,
१२ एप्रिल २०१०

सुनंदा,

हे पत्र तू एकटी असताना वाच.

तुझी सगळी पत्रं काढून मी परत वाचली. मुलांचे पेपर तपासण्यात माझा जन्म गेला, पण समोर लिहिलेलं मला दिसलं नाही. मी अवधूतचाच आकडा विचारत राहिले. जाऊ दे, त्यावर रडगाणं गात बसले तर तुलाच माझी समजूत काढावी लागेल, आणि तू ती काढशीलही.

आधी एक गोष्ट. डबल केली की अवधूतला कंपनीत जेवण मिळतं. पूर्ण, भात-आमटीचं. घरी येऊन तो फक्त तुझ्यासाठी पुन्हा बसायचा. त्याने तुला हे सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते. तो रागावला तर रागावू दे.

दुसरं माझ्याविषयी. माझ्या सातच्या गोळीचं मी तुझ्यापुढे फार मिरवलं. पण खरं सांगू? हे गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी मला रक्तदाब निघाला. हे असते तर माझी सात वाजताची न्याहारी झाली असती का? यांची आंघोळ, यांची पूजा, पूजा आटोपेपर्यंत नऊ. मी त्याआधी तोंडात काही घातलं नसतं. आता माझ्याआधी जेवायचं असं या घरात कोणी राहिलेलं नाही, म्हणून माझी गोळी वेळेवर असते. तू त्याला शिस्त समजत होतीस. मीही तेच समजत होते.

तुला अवधूत असताना वेळेवर जेवायला शिकायचं आहे. ते मला कधी करावं लागलं नाही, त्यामुळे कसं करतात हे मला सांगता येणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी तुला हुकूम सोडत नाही. मला एवढंच वाटतं की तू हवी आहेस. अवधूतसाठी नाही म्हणत मी. मलाच हवी आहेस. मला पत्र लिहिणारं दुसरं कोण आहे?

अक्षर नीट येत नसेल तर वाकडं लिही. मी मार्क कापणार नाही.

रमाताई

* * *

नवीन पनवेल,
४ मे २०१०

ती. वन्सं,

नमस्कार. बोटं अजून माझं ऐकत नाहीत, म्हणून हे पत्र थोडं थोडं करून लिहिते आहे. मधेच अक्षर बदललेलं दिसेल ते त्यामुळे.

तुमचं पत्र मी एकटी असतानाच वाचलं. कॅन्टीनच्या ओळीवर येऊन थांबले. खरं सांगते, आधी खूप राग आला. पानं मांडून, झाकण घालून, दर वाहनाचा आवाज ऐकत मी बसायचे, आणि हे जेवून यायचे! यांना विचारलं तर खाली मान घालून म्हणाले, "तुला काय सांगू, तू एवढी बसलेली असायचीस." दोन दिवस मी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मनात आलं, मीही कुठे सांगितलं होतं की मी नंतर नुसतं ताक पिते? आम्ही दोघं एकमेकांना जपत होतो आणि घरात कोणालाच कशाचा पत्ता नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तेच विचारलं, तुमची न चुकणारी एक वेळ सांगा. मी घरी येऊन विचार करत बसले. माझ्या दिवसात यांच्या पाळीबरोबर न हलणारं असं काही सापडेना. माझं उठणं हलतं, झोपणं हलतं, आंघोळ हलते. हे झोपले असले की दुपारी भांडीसुद्धा मी हलक्या हाताने घासते. तीस वर्षं मीही तळोज्यालाच नोकरी करते आहे म्हणा ना, फक्त घरातून. शेवटी मी दुपारचा एक सांगितला. का ते मला माहीत नाही. शाळेत असताना एकला सुट्टी व्हायची आणि भूक लागलेली असायची, तेवढं आठवलं. बाईंनी पाकिटावर लिहून दिलं.

पहिल्या दिवशी एकला पान वाढून घेतलं. हे प्लँटवर. पहिलाच घास तोंडात फिरायला लागला. आपल्याच घरात चोरी करताना सापडल्यासारखं वाटत होतं. दाराकडे लक्ष. अर्धं ताट झाकून ठेवलं, पण गोळी घेतली. दुसऱ्या दिवशी कीर्ती मुद्दाम तिचं ताट घेऊन समोर येऊन बसली आणि गप्पांत माझं जेवण झालं. मग मी एकटीने जमवलं. रडू आलं एकदोनदा, का ते विचारू नका. सासूबाईंच्या फोटोकडे बघवत नव्हतं. आता बघते.

ते चोरूनच चालल्यासारखं होतं; यांना मी गोळीची वेळ सांगितली होती, पण त्यासाठी मी आधी जेवते हे यांच्या लक्षात आलं नव्हतं. मग रात्रपाळीत एकला हे झोपलेले असायचे, आणि दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात एकला आम्ही बरोबरच बसलो, काही प्रश्न आला नाही. या सोमवारी पुन्हा पहिली पाळी लागली.

चारला आले. डबल घेणार नाही असं साहेबांना सांगून आले होते, तुमचं नाव सांगून. हातपाय धुवून पाटावर बसले. मी त्यांचं पान वाढलं आणि समोर बसले. त्यांनी माझ्या ताटाच्या जागेकडे बघितलं. मग फळीकडे बघितलं, ताट काढायचं राहिलं असेल असं वाटून. जेवायला लागले. चेहरा पडला होता, वन्सं. मला इतकं तुटलं की मी 'थोडं घेते मीही' म्हणून उठणारच होते. ओठांवर आलं होतं. पण मग मीही त्यांच्यासारखीच दोनदा जेवायला लागले असते, आणि पुन्हा तेच चालू झालं असतं. मी पदर हातात धरून बसून राहिले.

आणि बसल्या बसल्या मी त्यांना जेवताना बघितलं. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण माझं लक्ष नेहमी त्यांचं कधी संपतंय याकडेच असायचं. ते आमटीत बोट बुडवून चव घेतात, मग भात कालवतात. माशाचा काटा काढून ताटाच्या कडेला ओळीने लावून ठेवतात. हे मला माहीतच नव्हतं.

भराभरा जेवतात नेहमी, तसेच जेवले. ताटातला शेवटचा घास घेतला, उठायला म्हणून हात टेकला, आणि तसाच ठेवून मला म्हणाले, "जेवलीस?"

हा प्रश्न त्यांनी मला कधीच विचारला नव्हता. विचारायचं कारणच नव्हतं. जेवले नसणार हे त्यांना ठाऊक असायचं.

मी म्हटलं, "हो. केव्हाच."

त्यांनी टेकलेला हात उचलला. मग परत नीट मांडी घालून बसले, ताट पुढे सरकवलं आणि म्हणाले, "मग वाढ आणखी थोडा भात. तू थांबलेली असायचीस म्हणून मी कधी मागितला नाही."

तुमची,
सुनंदा